‘आपण’ म्हणजे कोण?

शाळेतल्या सगळ्या विषयांत सामाजिक शास्त्रे शिकवायला सर्वांत सोपी, अशी शिक्षकांच्या खोलीत एक जुनी समजूत आहे. गणितात उत्तर बरोबर यावे लागते, इंग्रजीत उच्चार यावा लागतो. इतिहास-भूगोलाला काय लागते? पुस्तक उघडावे, एका मुलाला मोठ्याने वाचायला सांगावे, मधूनमधून ‘समजलं का?’ म्हणावे आणि शेवटी स्वाध्यायाचे प्रश्न फळ्यावर लिहून द्यावेत. नोकरीची पहिली काही वर्षे मीही हे काम असेच केले, आणि त्याचा पगार मुकाट्याने घेतला. पुढे मात्र माझ्या ध्यानात आले की, ह्या विषयातला एक शब्द मला नीट शिकवता येत नाही. तो शब्द सनावळीत नाही, नद्यांच्या नावांत नाही, शासनाच्या खात्यांतही नाही. तो पहिल्या पाठाच्या पहिल्याच वाक्यात येतो. तो शब्द म्हणजे ‘आपण’.

आपला गाव, आपला जिल्हा, आपले राज्य, आपला देश, अशा पायऱ्यांनी मूल हा विषय चढते. इतिहास सांगतो, आपण कोठून आलो. भूगोल सांगतो, आपण कोठे राहतो. नागरिकशास्त्र सांगते, आपला कारभार कसा चालतो. आणि अर्थशास्त्राची पहिली तोंडओळख होते तीही आपण काय पिकवतो, काय विकतो आणि काय विकत घेतो ह्या वाक्यांतून. चारही विषयांची क्रियापदे वेगळी, पण कर्ता एकच. मुले क्रियापदे पाठ करतात. कर्ता कोण, हे विचारण्याची पद्धत नाही. परीक्षेत तो प्रश्न येत नाही.

मला तो एकदा विचारला गेला. 1998 साल होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाला पन्नास वर्षे होत होती, आणि नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पाचवीच्या वर्गाला 17 सप्टेंबरसाठी दहा ओळींचा मजकूर लिहून देत होतो. पहिली ओळ होती : ‘17 सप्टेंबर 1948 रोजी आपण निजामाच्या जुलमी राजवटीतून मुक्त झालो.’ घंटा झाली, मुले पांगली, आणि एक मुलगा दप्तर छातीशी धरून टेबलापाशी उभा राहिला. अक्षर चांगले असलेला, क्वचितच बोलणारा मुलगा. म्हणाला, “सर, आमच्या घरी पोलीस ॲक्शनचं नाव निघालं की दादी उठून आत जाते. दादीचे अब्बा आणि दोन भाऊ त्याच वेळी गेले. मग ह्या ‘आपण’मध्ये आम्ही येतो का?”

मी म्हणालो, “येतोस की रे! न यायला काय झालं?”

मुलगा ‘बरं सर’ म्हणून गेला. माझे उत्तर चुकीचे होते असे आजही मला म्हणता येणार नाही. पण ते फार लवकर दिलेले उत्तर होते. दारात आलेल्या माणसाला बसायला न सांगता ‘बसा की, घर आपलंच आहे’ म्हणून आपण आपल्या कामाला लागावे, तसे ते झाले होते.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन वेगळे शब्द आहेत, ही आपल्या भाषेची मोठी श्रीमंती आहे. इंग्रजीला ह्या दोहोंसाठी एकाच शब्दावर भागवावे लागते. ‘आम्ही जेवायला बसतो’ असे यजमान म्हणाला तर समोरच्याने ओळखावे की, आपले पान मांडलेले नाही. ‘आपण जेवायला बसू’ म्हटले की त्याचे पान आले. आमच्या नांदेडकडची तेलुगू बोलणारी माणसे हाच भेद ‘मेमु’ आणि ‘मनमु’ ह्या शब्दांनी करतात. दखनी बोलणाऱ्यांच्या तोंडीही ‘हम’ आणि ‘अपन’ असे दोन शब्द आहेत. म्हणजे एकाच बाजारात तीन भाषा बोलणाऱ्या आमच्या मुलखात, कोणाला पंगतीत धरले आणि कोणाला वगळले, हे तिन्ही भाषांत एका शब्दावरून कळते. अशा मुलखात शिक्षकाने ‘आपण’ हा शब्द बेफिकिरीने वापरावा, ही साधी चूक नव्हे.

त्या मुलाचा प्रश्न घेऊन मी प्रथम इतिहासाकडे गेलो. जे झाले ते असे. हैदराबाद संस्थानात मराठी, तेलुगू आणि कानडी बोलणारी बहुसंख्य प्रजा होती. कारभाराची भाषा उर्दू होती आणि जबाबदार राज्यपद्धतीचा पत्ता नव्हता. 1938 साली स्टेट काँग्रेसने सत्याग्रह केला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली माणसे तुरुंगात गेली. 1946 साली बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे मारले गेले. 1947 साली देश स्वतंत्र झाला तरी निजाम विलीन होईना. आणि लातूरला वकिली केलेल्या कासीम रझवीच्या रझाकारांनी गावेच्या गावे लुटली, जाळली, माणसे मारली. वऱ्हाडाच्या आणि सोलापूरच्या सरहद्दीवर माणसे मुलाबाळांसह पळून गेली. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा आत आल्या आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. ह्यातले एक अक्षरही खोटे नाही, आणि ह्या लढ्याबद्दल मान तुकवू नये असे काहीही त्यात नाही.

पण त्यानंतरचेही एक पान आहे. त्या दिवसांत आणि पुढच्या काही आठवड्यांत, रझाकारांशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशी असंख्य मुसलमान माणसे मारली गेली. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना मिस्री ह्यांना पाहणीसाठी पाठवले. 1948 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ते जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरले. त्यांच्या अहवालाने सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मेल्याचा अंदाज केला, आणि सर्वांत जास्त झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही दोन नावे घेतली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. त्याचा वेगळा जिल्हा 1982 साली झाला. आकड्यांबद्दल वाद आहे. सरकारने हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात अभ्यासकांना तो पाहायला मिळू लागला तो 2013 साली. हिंदूंनी जीव धोक्यात घालून आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना वाचवल्याची नोंदही त्याच अहवालात आहे. 1998 साली मला आकडे ठाऊक नव्हते. पण काही तरी झाले होते, हे गावात प्रत्येकाला ठाऊक होते. विहिरींची नावे निघाली की म्हातारी माणसे विषय बदलत, एवढे मी पाहिले होते.

आता प्रश्न असा की, हे दहा वर्षांच्या मुलाला सांगावे का? ह्या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे आहेत. पहिले असे की, मूल लहान आहे, त्याला अभिमान द्यावा, बाकीचे मोठेपणी त्याचे त्याला कळेल. दुसरे असे की, सत्य ते सत्य. सगळे सांगून टाकावे. दोन्ही उत्तरांत शिक्षकाची सोय आहे. पहिल्यात त्याला भांडण टाळता येते, दुसऱ्यात शौर्य मिरवता येते. मुलाचा विचार दोहोंत नाही. मूल मोठे होऊन जेव्हा वगळलेले पान वाचते, तेव्हा ते त्या एका पानावर रागावून थांबत नाही. त्याला सगळे पुस्तकच खोटे वाटू लागते, आणि मग अर्जापूरचे हौतात्म्यही त्याला कोणी तरी रचलेली गोष्ट वाटते. उलट, सगळे एकदम ऐकलेल्या मुलाच्या मनात भीती तेवढी राहते. समज राहत नाही.

पुष्कळ विचारानंतर मी एक नियम ठरवला. मुलाला थोडे सांगावे. परंतु पुढे खोडावे लागेल असे काही सांगू नये. बेरीज शिकवताना आपण अपूर्णांक सांगत नाही, पण दोन आणि दोन पाचही सांगत नाही. पुढची इमारत ज्याच्यावर चढेल एवढे थोडे सांगणे, हीच प्राथमिक शिक्षणाची नीती आहे.

पुढल्या वर्षी मी मजकूर बदलला. लढ्याच्या ओळी तशाच ठेवल्या. ‘आपण मुक्त झालो’च्या जागी ‘निजामाची राजवट संपली’ असे लिहिले, आणि शेवटी एक ओळ जोडली : ‘त्या काळात रझाकारांनी आणि नंतर सूडाने पेटलेल्या लोकांनी अनेक निरपराध माणसे मारली, ती सगळी आपली माणसे होती.’

चौथ्या दिवशी एक वृद्ध स्वातंत्र्यसैनिक शाळेत आले. नातवाची वही त्यांच्या हातात होती. सरहद्दीवरच्या कॅम्पावर राहिलेले, तुरुंग पाहिलेले गृहस्थ. त्यांनी बसायचे नाकारले आणि उभ्यानेच म्हणाले, “गुरुजी, आम्ही राज्य बदलायला तुरुंगात गेलो. लोकांनी पुढं जे केलं ते आमच्या लढ्याच्या ओळीला का चिकटवता? आमच्या नावावर ते कर्ज का?”

हा आक्षेप खोटा नव्हता, आणि मी तसे म्हणालोही. लढा वेगळा आणि सूड वेगळा; एकाचा हिशेब दुसऱ्याच्या खात्यावर टाकणे अन्यायाचे आहे. मी म्हणालो, “काका, दोन वेगळी वाक्यं करतो. पण वाक्य काढू म्हणता का?” ते बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “काढू नका. पण मग शोएबुल्लाखानाचंही नाव लिहा.”

‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाखान ह्यांनी रझाकारांविरुद्ध आणि भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहिले, म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. माझ्या दहा ओळींत त्यांचे नाव नव्हते. ते मला एका लढवय्याने घालायला लावले. त्या दिवशी मला कळले की, ‘आपण’ हा शब्द मोठा करायचा तर त्यातून कोणाला बाहेर काढावे लागत नाही. फक्त हिशेब पुरा मांडावा लागतो.

इतिहासातला हा धडा मी नागरिकशास्त्राच्या तासाला घेऊन गेलो, तेव्हा अडचण आणखी वाढली. कारण इतिहासात ‘ते लोक गेले’ असे म्हणता येते. नागरिकशास्त्रात सगळे वर्गातच बसलेले असतात. ‘शिक्षणसंस्था ही आपली सार्वजनिक संपत्ती आहे’, हे वाक्य घ्या. मराठवाड्याला शिक्षणाची भूक किती होती, हे 1950 हे एकच साल सांगते. त्या साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, आणि त्याच साली औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. 1958 साली मराठवाड्याचे विद्यापीठ झाले. ‘आपले विद्यापीठ’ असे सगळे अभिमानाने म्हणत. जुलै 1978 मध्ये विधिमंडळाने त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. आणि ‘आपले’ म्हणणाऱ्या मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. नांदेड आणि परभणी ह्या जिल्ह्यांतल्या खेड्यांनी ते फार सोसले. नाव प्रत्यक्षात दिले गेले 14 जानेवारी 1994 रोजी. मधली साडेपंधरा वर्षे एका शब्दाच्या अर्थावरून गेली. विद्यापीठ आपले आहे, ह्यावर दोन्ही बाजूंचे एकमत होते. आपण कोण, ह्यावर नव्हते.

त्याच वर्षी, 17 सप्टेंबर 1994 रोजी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे स्वतंत्र विद्यापीठ सुरू झाले. आज माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या पदवीवर एक नाव आहे, कोणाच्या पदवीवर दुसरे. हे दोघे पुरुष एका प्रदेशाचे दोन ठेवे आहेत. पण नागरिकशास्त्राच्या पुस्तकात समतेचे कलम असते, आणि ते आमच्या गावात कोणत्या दाराशी अडले, हे नसते. मुलाला कलमाचा क्रमांक येतो, दार ठाऊक असते, आणि ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे मात्र त्याला कोणी सांगत नाही.

कोणी म्हणेल, इतिहास आणि राज्यकारभार हे माणसांच्या भांडणाचे विषय. भूगोल तरी निर्मळ आहे. नदी कोणाची जात विचारत नाही. मलाही तसेच वाटत असे. पण नदीला वर आणि खाल असते, हे मी विसरलो होतो.

गोदावरी नाशिककडून येते, पैठणला जायकवाडीच्या धरणात अडते, आणि तेथून परभणी-नांदेडकडे जाते. दुष्काळी वर्षी वरच्या धरणांतून पाणी सुटावे म्हणून मराठवाडा ओरडतो. 2005 च्या कायद्याने खोऱ्यातल्या धरणांत पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले, त्याचा आधार आम्ही घेतो, आणि तो घेणे रास्त आहे. ‘पाणी काय त्यांच्या एकट्याचं आहे का? नदी सगळ्यांची आहे,’ हे वाक्य नांदेडच्या कोणत्याही चहाच्या हॉटेलात ऐकायला मिळेल.

हीच गोदावरी धर्माबाद तालुक्यात बाभळीच्या बंधाऱ्याशी येते आणि पुढे तेलंगणात उतरते. तेथे आम्ही वरचे होतो आणि तेलंगणाचे शेतकरी खालचे. बंधाऱ्यावरून भांडण सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी 2013 मध्ये निकाल लागला : बंधारा राहील, पण 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, आणि 1 मार्चला ठरलेले पाणी खाली सोडायचे. म्हणजे पाऊस असतो तेव्हा अडवायचे नाही, आणि ऑक्टोबर संपता संपता दरवाजे पाडायचे तेव्हा नदीत जे उरले असेल तेवढ्यावर भागवायचे. ह्या निकालाने नांदेडकर चिडले, आणि त्यांच्या चिडण्यातही अर्थ होता. पण त्याच चहाच्या हॉटेलात मी ऐकले : “पाणी आपल्या हद्दीतलं. त्यांना का द्यायचं?”

एकच नदी, एकच माणूस, आणि त्याच्या ‘आपण’चा अर्थ उलटा झालेला. पैठणकडे तोंड केले की नदी सगळ्यांची, बाभळीकडे तोंड केले की पाणी आमचे. भूगोलाच्या तासाला मी मुलांना नकाशावर बोट ठेवून वरून खाली न्यायचो आणि विचारायचो, “आता तुम्ही पैठणला आहात, काय म्हणाल? आता धर्माबादेला, काय म्हणाल? आता पलीकडे निजामाबादेला, काय म्हणाल?” मुले तीन ठिकाणी तीन उत्तरे देत, मग स्वतःच हसत. त्या हसण्यात मला सगळ्या नीतिशास्त्राची सुरुवात दिसे. जे वाक्य नदीच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही काठांवर उभे राहून म्हणता येते, तेवढेच ‘आपण’ने सुरू करावे.

राहिले अर्थशास्त्र. माझी बदली पुढे लातूरकडे झाली, आणि नोकरीच्या अगदी शेवटी 2016 चा उन्हाळा आला. धनेगावचे मांजरा धरण आटले होते. मार्च महिन्यात पाणी भरण्याच्या ठिकाणी दंगा होऊ नये म्हणून जमावबंदीचे 144 वे कलम लागले. 12 एप्रिल 2016 रोजी पाण्याची पहिली आगगाडी लातूरला पोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. पाणी मिरजेहून, सुमारे साडेतीनशे किलोमीटरांवरून आले होते. भूगोलाच्या भाषेत सांगायचे तर कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी गोदावरीच्या खोऱ्यातली माणसे प्याली. मिरजेच्या माणसांनी आम्हांला कधी पाहिले नव्हते.

लातूरचा पाऊस सरासरीने वर्षाला आठशे मिलिमीटरांच्या आसपास, तोही बेभरवशाचा. आणि उसाला सुमारे दोन हजार मिलिमीटरांइतके पाणी लागते. तरी धरणाच्या आणि विहिरींच्या पाण्यावर उसाचे क्षेत्र वाढत गेले. शहरातली माणसे म्हणाली, शेतकऱ्यांनी आपले पाणी उसात घातले. मी वर्गात हे म्हणालो तेव्हा एका शेतकऱ्याच्या मुलीने हात वर केला. म्हणाली, “सर, उसाचा दर सरकार आधी सांगतं, आणि कारखाना ऊस घेऊन जातो. तुरीचं कोण सांगतं? भाव पडला तर आमचे पप्पा काय करतील?” ह्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. उसाला रास्त व किफायतशीर दर कायद्याने ठरलेला असतो आणि घेणारा दारात असतो. तुरीला हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने सगळी तूर घेणारा कोणी असेलच असे नाही. ज्याने विहीर खणली त्याने आपल्या विहिरीचे पाणी आपल्या उसाला दिले. त्याचे एकट्याचे गणित बरोबर होते. प्रत्येकाचे गणित बरोबर, आणि बेरीज मात्र आगगाडी.

येथे मराठी भाषेने मला पुन्हा थांबवले. कारण ‘ज्याने त्याने आपले पाहावे’ ह्या वाक्यातही शब्द तोच आहे. ‘आपला’ म्हणजे सगळ्यांचा, आणि ‘आपला’ म्हणजे ज्याचा त्याचा. ‘तो आपल्या घरी गेला’ म्हणतो तेव्हा आपण त्याच्याबरोबर जात नाही. पोटापाण्याच्या व्यवहारात हा शब्द पहिल्या अर्थातून दुसऱ्या अर्थात इतका अलगद घसरतो की, घसरल्याचे कळतही नाही. ‘आपले पाणी’ असे सभेत म्हणताना सगळ्यांचे असते, आणि मोटार सुरू करताना ज्याचे त्याचे होते. मी त्या मुलीच्या वडिलांना दोष देत नाही. सरकारी दर, कारखान्याची सोय, पडीक भाव आणि खोल जाणाऱ्या बोअरची स्पर्धा, हे सगळे त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हते. पण कोणाच्याच एकट्याच्या हातात नसते, ते सगळ्यांच्या हातात घ्यावे लागते; आणि तेवढ्यासाठीच तर ‘आपण’ हा शब्द केलेला आहे. दोष वाटला गेला की नाहीसा होतो, असे आपल्याला वाटते. कर्ज वाटून घेतल्याने कोणाचे माफ झालेले मी पाहिलेले नाही.

पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर प्रतिज्ञा असते. ती नीट पाहा. तिच्यात ‘आपण’ हा शब्द नाही. तेथे ‘माझा’ आहे आणि ‘मी’ आहे. राज्यघटनेच्या मराठी उद्देशिकेचा पहिला शब्द ‘आम्ही’ आहे. ‘आपण’ आणि ‘आपला’ येतात ते थेट पाठात, म्हणजे शिक्षक आणि मूल समोरासमोर बसतात तेव्हा. मला ह्यात आता योग्यता दिसते. शपथ एकट्याने घ्यायची असते, राज्य स्थापताना जगापुढे ‘आम्ही’ म्हणून उभे राहायचे असते. पण ‘आपण’ म्हणायला समोर कोणी तरी बसलेला लागतो. त्याच्याकडे न पाहता तो शब्द उच्चारला तर तो खोटा होतो.

आणि समोरच्याचा मान ठेवायचा असेल तर मराठी माणूस त्यालाही ‘आपण’च म्हणतो. ‘आपण बसावे, आपण काय घेणार?’ तुम्ही आणि आम्ही मिळून होतो तोही ‘आपण’, आणि आदराने पाहिलेला दुसरा माणूस तोही ‘आपण’. भाषा घडवणाऱ्या आपल्या पूर्वजांनी हे योजून केले असेल असे नाही. परंतु पहिला ‘आपण’ दुसऱ्या ‘आपण’शिवाय टिकत नाही, एवढे मी चाळीस-चाळीस मुलांच्या वर्गांत उभा राहून शिकलो. ज्याला आदराने ‘आपण’ म्हणायची आपली तयारी नाही, त्याला पंगतीतल्या ‘आपण’मध्ये ओढणे ही जबरदस्ती आहे. 17 सप्टेंबरच्या माझ्या पहिल्या मजकुरात मी त्या मुलाला असेच ओढले होते.

ह्यावर कोणी म्हणेल की, इतके हिशेब मांडत बसले तर ‘आपण’ म्हणण्याची सोयच राहणार नाही. समाज एकत्र राहायला थोडा विसर लागतो. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. माझ्या गावातली म्हातारी माणसे विषय बदलत, ती सगळी काही लबाड नव्हती; रोज एकमेकांच्या दुकानात जायचे असते म्हणून ती गप्प बसत. त्यांच्या मौनाचा मी अपमान करणार नाही. पण ज्याने सोसले त्याने विसरायचे ठरवणे वेगळे, आणि ज्याने सोसले नाही त्याने ‘विसरून जा’ असे सांगणे वेगळे. दादी उठून आत जात असे, तो तिचा हक्क होता. तिच्या नातवाच्या वहीतून तिला वगळण्याचा हक्क मला नव्हता.

तो मुलगा आज पस्तिशी ओलांडून गेला असेल. कोठे आहे, मला ठाऊक नाही. तो आज भेटला आणि त्याने तोच प्रश्न केला, तर मी ‘येतोस की रे’ असे म्हणणार नाही. मी त्याला म्हणेन, “बस. आधी तुझी दादी काय सांगायची ते सांग, मग मी माझ्या घरचे सांगतो. आपण दोघे मिळून ती ओळ पुन्हा लिहू.” ओळ कदाचित पूर्वीपेक्षा कमी डौलदार होईल. परीक्षेत तिला कमी गुण पडतील. पण तिचा कर्ता कोण, हे निदान तिघांना ठाऊक असेल : त्याला, मला, आणि आतल्या खोलीतून ऐकणाऱ्या त्याच्या दादीला.